घरमालक आणि भाडेकरू : सलोख्याला आधार लेखी कराराचा

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी जुनी वस्ती असून दोहोंची मिळून एक नगरपरिषद आहे. भाताची खाचरे, कौलारू घरे आणि आठवड्याचा बाजार असे या गावाचे एके काळचे रूप होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने शेजारच्या धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र उभारले, तेथे रसायनांचे कारखाने आले, याच तालुक्यातील नागोठण्याजवळ पेट्रोरसायनांचा मोठा प्रकल्प झाला आणि कोकण रेल्वेचा मार्ग तर रोह्यापासूनच सुरू होतो. या साऱ्याबरोबर माणसे आली. कारखान्यातील कामगार आले, कंत्राटी मजूर आले, बँकेचे कर्मचारी, परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक आणि विदर्भ-मराठवाड्यातून नेमणूक होऊन आलेले प्राथमिक शिक्षक आले. यांपैकी फारच थोड्यांना शासकीय वा कंपनीची निवासस्थाने मिळतात. उरलेल्यांनी गावातील कोणाच्या तरी माडीवर, मागच्या पडवीत अथवा नव्याने बांधलेल्या चार खोल्यांच्या चाळीत बिऱ्हाड मांडले.

अशा रीतीने ज्या गावात घर भाड्याने देणे ही तुरळक गोष्ट होती तेथे तो एक नित्याचा व्यवहार होऊन बसला. व्यवहार वाढला, पण त्याची रीत मात्र जुनीच राहिली. ओळखीच्या माणसाने शब्द टाकायचा, घरमालकाने एक रक्कम सांगायची, भाडेकरूने मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी टेंपोतून सामान उतरवायचे. कागद नाही, पावती नाही. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य दोन्ही बाजूंकडून मोठ्या प्रेमाने उच्चारले जाते. पुढे जी कटुता येते तिचे मूळ पुष्कळदा याच वाक्यात असते.

भीतीचे मूळ

रायगड जिल्ह्यातील घरमालक भाडेकरूला जागा देताना एका शब्दाला भितो. तो शब्द म्हणजे ‘कूळ’. ‘खोली दिली आणि कूळ लागले तर?’ अशा धास्तीने मुंबईला स्थायिक झालेल्या कुटुंबांची कितीतरी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात आणि वाळवीला बळी पडतात. ही धास्ती अज्ञानमूलक असली तरी निराधार नाही. तिला या जिल्ह्याचा इतिहास आहे.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात खोतीची पद्धत होती. जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारा दुसरा, असा तो संबंध होता. कसणाऱ्याने किती वर्षे जमीन कसली, किती खंड घातला याचा पुरावा त्याच्या हाती क्वचितच असे. रोह्याच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरून जमीन कसणारी कुळे त्या दिवशी मालक झाल्याचे कायद्याने मानले. या परिवर्तनाने हजारो कुटुंबांना माणूस म्हणून उभे केले, हे निर्विवाद होय. परंतु ज्या घराण्यांच्या हातून जमिनी गेल्या त्यांच्या मनात ‘दुसऱ्याला ताबा देणे म्हणजे गमावणे’ हे समीकरण ठसले आणि जमिनीवरून ते नकळत घराच्या खोलीवर येऊन बसले.

वस्तुतः कुळकायदा शेतजमिनीचा आहे. शहरात वा गावात राहण्यासाठी दिलेल्या खोलीला तो लागू होत नाही. घरांच्या बाबतीत वेगळाच कायदा आहे आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात भाड्यांवर नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो अल्पमुदतीचा म्हणून आला असला तरी मुदतवाढी मिळत मिळत अर्धशतक टिकला. त्यात भाडे बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठवले गेले. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे जागच्या जागी राहिले आणि मालकांनी घरांकडे पाठ फिरवली. यातून वाट काढण्यासाठी मालकांनी ‘भाडे’ हा शब्द टाळून ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे केवळ वापराच्या परवानगीचा करार सुरू केला. तेव्हा १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. रोह्यातील एखादे वृद्ध गृहस्थ आज ‘लायसन्सचा काय भरवसा?’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या स्मरणात ते १९७३ चे साल असते.

ती परिस्थिती आता राहिलेली नाही, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत, असा अभिप्राय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. अनुसूचीत नमूद केलेल्या व शासनाने वेळोवेळी जोडलेल्या क्षेत्रांतील जागांना तो लागू आहे. आपले गाव त्यात येते किंवा नाही, याची खात्री दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करून घेता येते. या कायद्याने घरमालकाची जुनी भीती बऱ्याच अंशी दूर केली आहे. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सने दिलेल्या जागेची मुदत संपली की राहणाऱ्याने ताबा परत द्यायचा आहे. त्याने तो दिला नाही तर घरमालकाला दिवाणी दाव्याच्या लांबलचक मार्गाने जावे लागत नाही. शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

या कायद्याचे ५५ वे कलम प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने आणि प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे. भाड्याचा अथवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच असला पाहिजे आणि तो नोंदणीकृत असला पाहिजे, असे ते कलम सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

येथे एक गैरसमज आड येतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे सर्वत्र सांगितले जाते आणि टायपिंगच्या दुकानात मुद्रांकावर दोन सह्या करून काम भागवले जाते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याने मुदतीचा हा भेद ठेवलेला नाही. अकरा महिने असोत वा तीन वर्षे, नोंदणी हवीच.

नोंदणी टाळून घरमालक आपले पैसे वाचवतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो आपलीच बाजू लंगडी करतो. नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी राहणारा जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ज्या घरमालकाला ‘कूळ लागण्याची’ भीती वाटते तोच कागद टाळून त्या भीतीला खतपाणी घालत असतो.

वाचतात ते पैसे तरी किती? महिना ४,००० रुपये मोबदला, २०,००० रुपये परतीची अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असे उदाहरण घेऊ. मोबदल्याचे ४४,००० रुपये होतात. अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने मानीव व्याज धरावयाचे असते. ते अकरा महिन्यांचे सुमारे १,८३३ रुपये होते. एकूण ४५,८३३ रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबाने सुमारे ११५ रुपये. आकारणी करताना ही रक्कम वरच्या पूर्णांकात नेली जाते इतकेच. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि नागरी भागात १,००० रुपये आहे. दस्त हाताळणीचा खर्च वेगळा, पण तोही मोठा नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून हा करार घरबसल्या नोंदवण्याची सोयही झाली आहे. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे घेऊन हे काम करून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार असतात. हा खर्च कोणी करावयाचा याचा वाद न घालता तो निम्मा-निम्मा वाटून घेणे हे समजूतदारपणाचे. सुरुवातीलाच दोघांनी मिळून केलेला तो पहिला खर्च ठरतो.

लीव्ह अँड लायसन्स आणि भाडेकरार यांतील फरकही राहणाऱ्याने समजून घ्यावा. कायद्यातील भाडेकरूला पुष्कळ संरक्षणे आहेत. तो ठरलेले भाडे देण्यास तयार असेल आणि करारातील अटी पाळत असेल तर त्याला सहजासहजी काढता येत नाही. थकबाकीसाठीही लेखी मागणीनंतर नव्वद दिवस थांबल्यावाचून दावा लावता येत नाही. पुरेशा कारणावाचून त्याचे पाणी वा वीज तोडता येत नाही. परवानगीने राहणाऱ्याला यांतील बहुतेक आधार नाहीत. त्याचे हक्क मुख्यतः करारात लिहिले असतील तेवढेच. म्हणून करार हा छापील नमुना समजून डोळे मिटून सही करण्याचा कागद नव्हे. तो वाचावा, घरमालकासमोर बसून वाचावा, आणि जे तोंडी ठरले आहे ते त्यात आले आहे की नाही ते पाहावे. पगार घेताना एकेका रुपयाची कपात तपासणारे सुशिक्षित नोकरदारही हा कागद न वाचता खिशात घालतात, हे एक आश्चर्यच आहे.

घर कोणाचे?

कोकणातील घराच्या बाबतीत एक प्रश्न आधी विचारावा लागतो. जो खोली देत आहे त्याला ती देण्याचा अधिकार आहे काय? वडिलोपार्जित घर चार भावांच्या नावे असते. तिघे मुंबई-ठाण्याला आणि एक रोह्यात. गावी राहणारा भाऊ घर सांभाळतो, घरपट्टी भरतो आणि रिकामी माडी भाड्याने देतो. यात गैर काही नाही. परंतु गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईचे भाऊ सहकुटुंब येतात आणि आपल्या वाट्याच्या खोलीत परका संसार पाहून चकित होतात. मग भावाभावांत जे बोलणे होते त्याचा राग अखेरीस भाडेकरूवर निघतो. त्याचा तर काहीच अपराध नसतो. त्याने वेळेवर पैसे दिलेले असतात, फक्त ते सर्वांच्या वतीने कोणी घ्यावयाचे हे ठरलेले नसते.

यावर उपाय अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर किंवा नगरपरिषदेच्या कर आकारणी उताऱ्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे. सहहिस्सेदार असतील तर त्यांचे लेखी संमतिपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र करारासोबत जोडावे. भावांनीही मोबदल्याची वाटणी आणि सणासुदीला लागणाऱ्या जागेची सोय आधी ठरवून घ्यावी. गणपतीचे पाच दिवस माजघर अथवा पुढची पडवी घरच्यांना मोकळी लागेल, असे पहिल्या दिवशी सांगितले तर कोणताही भाडेकरू त्याला ना म्हणत नाही. चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी सांगितले तर मात्र तीच मागणी अपमानासारखी वाटते.

भाडेकरूच्या बाजूनेही एक खबरदारी आहे. धाटाव परिसरात पुष्कळदा कंत्राटदार खोली आपल्या नावावर घेतो आणि तीत आपले मजूर ठेवतो. करार एकाचा आणि राहणारे दुसरेच. तक्रार आली की कंत्राटदार सापडत नाही आणि मजुरांना आपण कोणत्या आधारावर राहत आहोत हेही ठाऊक नसते. अशा करारात किती माणसे राहणार, त्यांच्या वर्तणुकीची आणि वीज-पाण्याची जबाबदारी कोणाची, कंत्राट संपल्यावर खोली किती दिवसांत मोकळी होणार, हे लिहिलेले असावे. राहणाऱ्यांची नावे करारास जोडावीत आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देण्याचे जेव्हा आदेश असतात तेव्हा तीच यादी तेथेही द्यावी. ही माहिती देणे म्हणजे संशय घेणे नव्हे, हे घरमालकाने आपणहून समजावून सांगितले तर परप्रांतातील मजुराच्या मनातील किल्मिष दूर होते.

घर दाखवताना आडनाव विचारून नकार देण्याची रीत अजून काही ठिकाणी दिसते. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी तिच्याकडे काणाडोळा करू नये. गावाच्या शाळेत शिकवण्यास जो योग्य ठरतो तो गावात राहण्यास अयोग्य ठरावा, यासारखी विसंगती नाही.

पावसाळा आणि दुरुस्ती

रोह्याचा पाऊस ही घरमालक आणि भाडेकरू यांच्या संबंधाची खरी परीक्षा होय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलारू छप्पर अखंड भिजत असते. माकडांनी सरकवलेले एक कौल किंवा पन्हळीत साचलेला पाचोळा एवढ्यानेही घरात ठिबक सुरू होते. भाडेकरू सांगतो, ‘काका, स्वयंपाकघरात गळते आहे.’ घरमालक म्हणतो, ‘पाऊस ओसरू द्या.’ आषाढातला पाऊस तो, ओसरत नाही. भिंतीला ओल येते, मुलांची पुस्तके भिजतात, विजेच्या बटणाला झिणझिण्या येतात आणि श्रावणापर्यंत दोघे एकमेकांशी बोलेनासे होतात.

जुनी माणसे मे महिन्यात घर शाकारून घेत. भाड्याच्या घरालाही हाच नियम लावावा. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरमालक आणि भाडेकरू यांनी एकत्र घर फिरून पाहावे. छप्पर, पन्हळ, गटार, विजेची तार, विहिरीचा पंप यांत काय करावे लागेल ते एका कागदावर लिहावे आणि कोणते काम कोणाकडे ते ठरवावे. सर्वसाधारणपणे छप्पर, भिंत, मुख्य वायरिंग, नळजोडणी यांसारखी मोठी कामे घरमालकाची, आणि बल्ब, नळाचा वायसर, खिडकीची काच, कडी-कोयंडा यांसारखी वापराने होणारी किरकोळ कामे राहणाऱ्याची, ही वाटणी दोघांनाही पटण्यासारखी आहे.

कायदाही याच दिशेने आहे. भाडे नियंत्रण अधिनियमानुसार घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. लीव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्यांनी अशीच अट करारात घालून घ्यावी. सूचना देण्यापूर्वी घरमालकाच्या घरी जाऊन बसावे, चहा घ्यावा आणि सांगावे, हे ओघाने आलेच. लेखी सूचना ही भांडणाची सुरुवात समजण्याचे कारण नाही. तारखेचा विसर पडू नये एवढाच तिचा हेतू असतो.

राहणाऱ्याचेही कर्तव्य आहे. भिंतीत खिळे ठोकणे, पडवीला पत्रे लावून ती बंदिस्त करणे, मोरीची जागा बदलणे, ही कामे घरमालकाच्या लेखी संमतीवाचून करू नयेत. घर ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणासाठी वापरावे. शेजारच्या पेणला गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर चालतात. तेथे राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या खोलीत कोणी मूर्तिकाम मांडले तर वापर बदलतो, मातीचा व रंगाचा पसारा वाढतो आणि तक्रारीला जागा होते. धंदा करावयाचा असेल तर तसे आधी सांगावे आणि तसाच करार करावा.

पाळी, पाणी आणि मीटर

मोठ्या भांडणांची कारणे बहुधा लहान असतात. धाटावचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्री बारा वाजता फाटक उघडणाऱ्या कामगाराची झोप दिवसा असते आणि घरमालकाच्या आईची रात्री. फाटकाची एक किल्ली कामगाराला द्यावी, त्याने मोटारसायकल आळीच्या तोंडाशी बंद करून हाताने ढकलत आणावी, आणि दुपारी त्याच्या खोलीशेजारी मसाला कुटण्याचे काम शक्य तर पुढे ढकलावे, एवढ्याने जे साधते ते दहा नोटिशींनी साधत नाही.

विजेचा हिशेब हा दुसरा विषय. स्वतंत्र मीटर असेल तर प्रश्नच नाही. उपमीटर असेल तर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला दोघांनी मिळून आकडा पाहावा आणि वहीत लिहावा. वीज कंपनीच्या बिलाची प्रत दाखवून त्याच प्रमाणात पैसे घ्यावेत. घरमालकाने मनाने दर लावला की भाडेकरूला प्रत्येक दिवा लावताना आपण लुटले जात आहोत असे वाटू लागते. पाण्याचेही तसेच. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला गेली असता किती हंडे, कोणत्या वेळी, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते घरमालकिणीने आणि भाडेकरूच्या घरातील बाईने मिळून ठरवले तर टिकते, असा अनुभव आहे.

घरमालकाला आपले घर पाहण्याचा अधिकार आहे, पण आगाऊ कळवून आणि वाजवी वेळी. कायद्यातही तपासणीसाठी आधी सूचना देण्याची अट आहे. दुसऱ्या किल्लीने दार उघडून आत जाणे हा हक्क नव्हे. उलट राहणाऱ्याने महिनाभर गावी जाताना घरमालकाला न सांगता कुलूप लावून निघून जाणेही बरोबर नाही.

पावती आणि अनामत

प्रत्येक रकमेची पावती देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तथापि रोह्यासारख्या गावात पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे समजले जाते. ही समजूत बदलण्यास शिक्षक आणि शासकीय कर्मचारी मोठा हातभार लावू शकतात, कारण त्यांना घरभाड्याच्या सवलतीसाठी प्राप्तिकराच्या हिशेबात अनेकदा पावती दाखवावीच लागते. त्यांनी निःसंकोच मागितली की शेजारच्या कामगारालाही धीर येतो. आता पैसे मोबाइलवरून थेट बँक खात्यात पाठवता येतात आणि त्याची नोंद आपोआप राहते. पूर्वी भाडे घेण्यास नकार देणाऱ्या मालकाला मनिऑर्डर पाठवून भाडेकरू आपली तयारी सिद्ध करीत. ते काम आता खात्याचा उतारा करतो. मात्र रक्कम कशासाठी पाठवली, कोणत्या महिन्याची, हे त्यासोबत लिहावे, नाहीतर भाडे, वीजबिल आणि उसनवारी यांची सरमिसळ होते.

येथे घरमालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. आजचा घरमालक म्हणजे पूर्वीचा खोत नव्हे. निवृत्त शिक्षक, लहान शेतकरी, पतीमागे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी बाई असे त्याचे रूप अनेकदा असते. पाच तारखेचे भाडे वीस तारखेला आले तर भाडेकरूच्या दृष्टीने तो पंधरवड्याचा उशीर असतो. त्या बाईच्या दृष्टीने तो औषधाचा आणि किराण्याचा प्रश्न असतो. पगार लांबला तर तारीख उलटण्यापूर्वी जाऊन सांगावे. अर्धी रक्कम हातात असेल तर अर्धी द्यावी.

अनामतीचा प्रश्न घर सोडताना उभा राहतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये राज्यांपुढे जो आदर्श भाडेकरू अधिनियम ठेवला त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच अनामत घ्यावी, अशी मर्यादा सुचवली आहे. तो राज्यांसाठी एक नमुना आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात अशी मर्यादा नाही. म्हणून अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळणार आणि तीतून काय कापता येईल, हे करारातच लिहावे लागते. राहायला येताना घरातील पंखे, दिवे, नळ, कपाटे, दारांच्या किल्ल्या यांची यादी दोघांच्या सहीने करावी आणि मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. कालांतराने उडणारा भिंतीचा रंग आणि झिजणारी फरशी ही वापराची साहजिक झीज होय. तिची भरपाई अनामतीतून मागणे योग्य नाही. फुटलेले कमोड किंवा तोडलेली खिडकी ही गोष्ट वेगळी.

बोलणे खुंटले तर

इतके करूनही मतभेद होतात. त्या वेळी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. घरमालकाने कुलूप बदलू नये, सामान अंगणात काढू नये, पाणी बंद करू नये. असे करणारा न्यायालयात आपली बाजू स्वतःच दुबळी करतो. राहणाऱ्याने मुदत संपल्यावर ‘पाहू काय करतो ते’ अशा भूमिकेने बसून राहू नये. दुप्पट दराची भरपाई अकरा महिन्यांच्या अनामतीला सहज गिळते. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही तर अर्जातील म्हणणे मान्य धरले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यापूर्वीचे मार्ग गावातच आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील दिवाणी व महसुली तंटे सामोपचाराने मिटवण्याची जी सवय लावली तिचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरण नेता येते आणि लोक अदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. मध्यस्थी करणाऱ्या सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी प्रथम करार, पावत्या आणि ती यादी मागून घ्यावी आणि नंतर दोघांचे ऐकावे. क्रम उलटा झाला की ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे वाटू लागते. घरमालक गावचा आणि भाडेकरू बाहेरचा, म्हणून गावकीचा कौल आधीच ठरलेला आहे असे बाहेरच्याला वाटू न देणे, ही मध्यस्थाची सर्वांत अवघड जबाबदारी आहे.

बदल्यांचा हंगाम मे-जूनमध्ये येतो. रोहा तालुक्यातील एखाद्या शाळेतून शिक्षकाची बदली होते, तेव्हा त्याने आदेश हाती पडताच घरमालकाला कळवावे आणि करारात ठरलेली, सामान्यतः एक महिन्याची, लेखी सूचना द्यावी. निघण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी ती जुनी यादी काढून घर फिरून पाहावे, मीटरचा आकडा वहीत टिपावा, शेवटचे बिल वजा करून अनामत खात्यात जमा करावी. मग त्या यादीखालीच ‘ताबा दिला’ आणि ‘ताबा मिळाला’ अशा दोन ओळी लिहून तारखेसह सह्या कराव्यात आणि सर्व किल्ल्या मोजून द्याव्यात, फाटकाच्या त्या जादा किल्लीसह.